मडक्याचं दार

काचेची पेटी म्हणजेच अख्खं जग, असं मासे मानायचे त्या काळातली ही गोष्ट. कुमुदताईंच्या पेटीत एक मडकं आडवं ठेवलेलं होतं. तांबोबा नावाचा दांडगा नर त्याच्या तोंडाशी ठाण मांडून बसे आणि जवळ येईल त्या नराची शेपटी कुरतडे. ठिपक्याची तर अर्धीच उरली होती. तो बिचारा कधी दगडाआड, कधी शेवाळात, मिळेल तिथे निजायचा.

एके दिवशी ताईंनी पेटी धुतली आणि मडकं, दगड, झाडं, सगळ्यांच्या जागा बदलल्या. तांबोबा जुन्या कोपऱ्यात गेला, तर तिथे नुसती वाळू! तो तिथेच घिरट्या घालत राहिला. ठिपक्याला मात्र रोज नवी जागा शोधायची सवय. त्याने घटकाभरात मडकं गाठलं आणि बाकीच्यांनाही हाक मारली.

संध्याकाळी तांबोबा थकून तिथे पोचला. "मडकं माझं आहे," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"मग आत ये की," ठिपक्या जागचा न हलता म्हणाला. "फक्त दार अडवायचं नाही. आता इथे कुणीच अडवत नाही."

शेपटी आवरून तांबोबा मुकाट आत शिरला. आत भरपूर जागा होती. इतके दिवस दार राखता राखता आत डोकावायचं त्याचं राहूनच गेलं होतं.