टेकलेल्या पाण्याचा अभिषेक

अंबुनाथ महाराज तळेखडी गावी महादेवाच्या देवळात उतरले होते, त्या चैत्रातली ही कथा. चैत्रात तिथे घरटी एक घागर बारवेतून वर आणून देवाला घालत. नेम एकच: भरलेली घागर वाटेत जमिनीला टेकवायची नाही.

येसूबाईच्या पाठीचा कणा जन्मतःच वाकडा होता. एक खांदा वर, एक खाली. बरगड्या एका बाजूने दबलेल्या, त्यामुळे दहा पायऱ्यांतच धाप लागे आणि पाय बधिर होत. बारवेच्या पायऱ्या साठ. घागर पाचदा तरी टेकवावीच लागे. दर वर्षी बहिरोजी पाटील तिला देवळाच्या दारात अडवीत आणि ते पाणी गुरांच्या डोणीत जाई.

त्या दिवशीही पाटील म्हणाले, "आलीस का टेकत टेकत? अगं, जरा ताठ उभी राहा की! तिळाचं तेल चोळ म्हणून कितीदा सांगितलं."

"चोळलं, पाटील. बारा वर्षं चोळलं," येसूबाई वैतागून म्हणाली. "आता सांगणाऱ्यांच्या जिभेला चोळावं म्हणते!"

लोक हसले. ती महाराजांकडे वळली. "महाराज, जो तो म्हणतो, पाठ सरळ करून माग. ते मी मागत नाही. या पाठीनं आणलेलं पाणी देव घेतो की नाही, तेवढं एकदा सांगा."

महाराज म्हणाले, "देवालाच विचारू. पाटील, आधी तुमची घागर."

पाटलांनी घागर पिंडीवर कलती केली. थेंब पडेना! आत डोकावले, तर काठोकाठ भरलेली. उपडी धरली, हलवली, तरी पाणी जागचे हलेना. दुसऱ्याची घागर, तिसऱ्याची, तेच. पिंडी कोरडीच.

महाराज कातावून म्हणाले, "अरे बाबांनो, इतकं साधं कसं कळत नाही? हा देव स्वयंभू, जमिनीतूनच वर आलेला. बारवेचं पाणीही जमिनीतलंच. मग जमिनीला टेकल्यानं त्याचं बिघडलं ते नेमकं काय?"

मग ते येसूबाईकडे वळले.

"बाई, तू घाल. पाटील, तिला वाकता येत नाही. तुम्ही बूड धरा."

पाटलांनी बूड धरले, आणि काय सांगावे! पिंडीवर धार लागली. त्याबरोबर बाकीच्या घागरीही वाहू लागल्या.

पाटलांनी पागोटे बाजूला ठेवले आणि येसूबाईच्या पायांवर डोके टेकले. ते उचलेचनात.

"उठा की आता," येसूबाई म्हणाली. "मला काही वाकून तुम्हाला उठवता यायचं नाही."