बांधलेला डावा हात

"ह्यो हात परत येनार का न्हाई, तेवढं सांगा वस्ताद."

रंगराव तालमीत हौद्याच्या काठाला बसला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, कुणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा. ज्याची पाठ पंचक्रोशीत कुणी मातीला लावली नाही, त्याला ऐन जत्रेच्या तोंडावर लकव्यानं लोळवलं होतं.

"आन् न्हाई आला तर मळ्यातली हीर हाय."

हे तो उगाच म्हणत नव्हता. विहिरीच्या काठावर बसून आला होता.

दत्तोबा वस्ताद खोऱ्यानं हौद्यातली तांबडी माती उकरत होते. म्हातारा थांबला नाही.

"डाक्टर काय म्हनला?"

"हात धड हाय म्हनतो. थोडा जोर बी हाय त्यात. पर मेंदूतल्या वाटा तुटल्यात. एक भाग दुसऱ्या भागाशी बोलंना झालाय. हाताला सांगावाच पोचत न्हाई."

"मग तू काय केलंस?"

इथं मात्र रंगरावला हुरूप आला. गडी हार मानणाऱ्यातला नव्हताच. त्यानं डोक्याचा फेटा सोडला आणि एक टोक दातात धरून, एकट्या डाव्या हातानं, पुन्हा झोकात बांधून दाखवला. जेवण, दाढी, गुंड्या... सगळं आता डाव्यावर. गावानं तोंडात बोटं घातली होती. वस्तादांच्या तोंडून एक शाबासकी निघावी, एवढीच आशा होती बिचाऱ्याला.

वस्तादांनी खोरं खाली टाकलं. तोच फेटा त्याच्या डोक्यावरून उतरवला आणि डावा हात कमरेशी करकचून बांधून टाकला.

"वस्ताद... ह्यानंच तर मला जगवलं."

"एकाच पोराला रोज चीत करत ऱ्हायलं, की ते पोर काय करतं?"

रंगरावची नजर मांडीवरच्या उजव्या हातावर गेली. त्यानंही पोरं घडवली होती. असलं पोर पुढं उठायचंच सोडून देतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

वस्तादांनी पाण्याचा तांब्या उजव्या हाताशी आणून ठेवला. मग पाठ फिरवून पुन्हा खोरं उचललं.

ऊन चढलं. घशाला कोरड पडली. रंगरावनं हाताला दटावलं, विनवलं, शेवटी आईवरून शिव्या घातल्या...

हात ढिम्म.

एवढा थोरला गडी, पण ढसाढसा रडला. नाक पुसायलाही हात नव्हता. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. असल्या जिण्याची त्याला किळस आली होती.

वस्तादांनी वळून पाहिलं नाही. पाहवलं नसतं त्यांनाही.

बऱ्याच वेळानं तांब्या खणकन आडवा झाला. पाणी काठावरून ओघळलं आणि मातीत जिरलं.

"पानी सांडलं, वस्ताद," रंगराव पडेल आवाजात म्हणाला. "घोटभर बी न्हाई मिळालं."

खोरं थांबलं.

"कुनी सांडलं?"