लपतीची दुसरी ओळ

हा काळा खडक दिसतो ना, त्याच्या पोटाशी आलं की लपतीचं पाणी दिसेनासं होतं. वरून खळखळत येतं, इथे वाळूत शिरतं, आणि पुढे नुसते कोरडे गोटे. त्यावरून अनवाणी चाललात तरी तळव्याला ओल लागत नाही. मग खाली तो उंबर आहे, त्याच्या मुळांतून तेच पाणी पुन्हा वर येतं. मधलं अंतर एका हाकेचं. आपल्या मागे राहिली ती वरची वाडी, उंबराच्या पलीकडे कौलं दिसतात ती खालची. पाणी मधे असं लपतं म्हणून ओढ्याचं नाव लपती.

मघाशी चढावर तुमच्या मुलीनं मला विचारलं, "आजोबा, गोष्टीतली चेटकीण नेहमी जुळवूनच का बोलते? साधं बोलली तर शाप लागत नाही का?" तिची आई म्हणाली, "अगं, त्यांना चढू दे आधी." आता चढून झालं, वरच्या वाडीतून इथवर उतरूनही झालं. सावलीही आहे. बसा.

असं सांगतात की फार पूर्वी हे पाणी लपत नव्हतं. डोंगरातून निघायचं ते उघड्यावरूनच दोन्ही वाड्यांना पोचायचं. आणि त्या काळी मंत्रही जुळवलेले नव्हते. आपण एकमेकांशी बोलतो तसे साधे असायचे. वरच्या वाडीत कोंडाई नावाची बाई होती, तिच्या शब्दाला गुण होता म्हणे. कुणाला विंचू चावला की ती जखमेवर हात ठेवून "उतर आता" एवढंच म्हणे, आणि विष उतरे. गाय दूध चोरायला लागली की तिच्या कानात "दे गं बाई" म्हणे. बोललं की झालं. म्हणून तिला घरात कुणी रागावू देत नसत. मिरची कुटतानासुद्धा सासू तिला म्हणे, "कोंडे, ठसका लागला तरी तोंडातून काही काढू नगंस बाई, मिरचीचं झाड वाळायचं."

कोंडाईचा नवरा मल्हारी. त्याचा धाकटा भाऊ शिदू, आणि शिदूची बायको साळू. दोघी जावा एकाच घरात नांदत होत्या. पहाटे एकाच जात्याला बसायच्या, समोरासमोर, एका खुंट्याला दोघींचे हात. ओवीची पहिली ओळ कोंडाई म्हणे. ओळ संपली की ती थांबे, उजव्या हातानं सुपातला घास उचलून जात्याच्या तोंडात सोडे, आणि तेवढ्या वेळात दुसरी ओळ साळूनं म्हणायची. तीही कशीही नाही, पहिलीला जुळेल अशी. साळूला कधी लवकर सुचत नसे.

"जातं थांबलं की गं," कोंडाई म्हणे. "ओळ शोधतीस का झोप काढतीस?"

"वहिनी, तुम्ही असली अवघड टाकताय, मी काय करू?"

"मग उद्यापासून नाचणी तू दळ, आन् ओव्या मी सासूबाईंसंगं म्हनते."

सासू आतून ओरडे, "माझं दात न्हाईत, मला यात वढू नका!"

हसता हसता पीठ पडे. कोंडाईला एकच मूल होतं, धुरपा नावाची पोर. ती साळूच्या मांडीवर डोकं ठेवून जात्याच्या घरघरीतच झोपायची. आईच्या मांडीवर झोप येत नसे तिला. कोंडाई म्हणे, "जन्म मी दिला, आन् लळा हिचा." पण ते रागानं नाही. दोघींना आपापलं जे काही दुखे, खुपे, माहेरची आठवण येई, ते त्या ओवीतच सांगत. उतरत्या उन्हात ओसरीवर बसून मन मोकळं करायची रीत त्या घरात नव्हती. जे होतं ते जात्यापाशी.

पुढे भावांचं बिनसलं. एका उन्हाळ्यात ओढ्याच्या पाण्याच्या पाळीवरून दोघे शेतातच हमरीतुमरीवर आले. शिदू बायकोला घेऊन खालच्या वाडीत राहायला गेला. मल्हारीनं कोंडाईला शपथ घातली, की या खडकाच्या खाली पाऊल टाकायचं नाही. शिदूनं साळूला तशीच घातली, वर जायचं नाही. जातं वरच्या घरी राहिलं. कोंडाई एकटीच दळायला लागली. ओवी बंद झाली. म्हणायची तर दुसरी ओळ कोण देणार?

त्याच उन्हाळ्यात धुरपाला ताप आला. कोंडाईच्या शब्दाला गुण होता, पण पोटच्या मुलावर तो चालत नसे, असं सांगतात. पोर तापात एकच म्हणत होती, "काकी कुठंय? जातं का वाजंना?" कोंडाईनं नवऱ्याला न विचारता एका धनगराच्या हाती खाली निरोप धाडला, की शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी, साळूला एकदा येऊन बसू दे. धनगरानं निरोप शिदूला दिला. शिदूला वाटलं, हा भावाचा डाव आहे, बायकोला नेऊन मला खाली बघायला लावायचं. त्यानं निरोप पोटात ठेवला.

धुरपा गेली.

लहान मुलांना आपल्याकडे जाळत नाहीत. तिला ओढ्याकाठी त्या उंबराखाली पुरलं. उंबर खालच्या अंगाला, म्हणून पुरायला पुरुषमाणसंच गेली. कोंडाई शपथेत होती. आपली पोर कुठे निजवली ते तिनं पाहिलंसुद्धा नाही.

ती रडली नाही. तिच्या मनात एकच बसलं होतं. साळूला निरोप गेला, आणि साळू आली नाही. त्यात तिला कुणीतरी सांगितलं, की साळूला दिवस गेलेत. मग सुतक फिटल्यावर एका सकाळी ती उठली, केस मोकळे सोडले, आणि पाणवठ्यावरच्या बायकांना म्हणाली, "आज खालच्या वाडीचं पानी तोडते. आन् साळूची कूस बी."

बायकांच्या हातच्या घागरी तशाच राहिल्या. एक म्हातारी पुढे झाली. "कोंडे, तुझा शब्द पडला की परत फिरत न्हाई. पोटातल्या लेकरानं काय केलंय?"

"माझ्या लेकरानं काय केलं होतं?" कोंडाई म्हणाली, आणि या खडकावर येऊन उभी राहिली.

बातमी पाण्याच्या आधी खाली पोचली. खालच्या वाडीची माणसं उंबरापाशी गोळा झाली, पण वर यायला कुणी धजेना. शिदू मान खाली घालून उभा होता. फक्त साळू शपथ मोडून वर चढली. पोट सांभाळत, गोट्यांवरून, हळूहळू. ती ओढ्यात त्या तिथे येऊन थांबली. खडकावर कोंडाई, खाली साळू, समोरासमोर. मधून पाणी वाहत होतं.

कोंडाईनं तोंड उघडलं. एवढं साधं वाक्य बोलायचं होतं तिला. बोलली असती तर सगळं तिथल्या तिथे झालं असतं. पण दुःख सांगायची तिला दुसरी रीतच ठाऊक नव्हती. आणि समोर साळू होती, रोज पहाटे असायची तेवढ्याच अंतरावर. म्हणून शाप निघाला तो ओवीच्या चालीवर निघाला.

माझ्या दारीच्या पाण्या, जा रं मातीत मुरून...

आणि ती थांबली. सवयीनं थांबली. तिचा उजवा हात बाजूला गेला, सुपातला घास उचलावा तसा, आणि हवेतच मूठ उघडली. तिथे सूप नव्हतं, जातं नव्हतं. हात मात्र गेला. तेवढ्यात खडकाच्या पोटाशी पाणी वाळूत शिरायला लागलं होतं, साळूच्या पायाखालचे गोटे उघडे पडत चालले होते. दुसरी ओळ कोंडाईच्या ओठावर होती. ती पडली असती तर कूसही गेली असती.

साळूनं तो हात पाहिला. आणि जिला एरवी कधी लवकर सुचत नसे, तिनं त्या वेळी विचारसुद्धा केला नाही, असं सांगतात. घास पडला की ओळ उचलायची, एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं उचलली.

खाली निजली धुरपा, तिला पाज रं फिरून.

ओवी पुरी झाली. पुरी झालेली ओवी कुणाला मागे घेता येत नाही, आणि तिच्यात तिसरी ओळ घालता येत नाही. कोंडाईची ओळ ओठावरच राहिली. ती काय होती हे तिनं जन्मभर कुणाला सांगितलं नाही. आणि खालून ओरडा झाला, की उंबराच्या मुळांतून पाणी आलं.

मग कोंडाई खडकावरून उतरली. शपथ दोघींचीही मोडली होती. ती साळूच्या जवळून पुढे गेली, कोरड्या गोट्यांवरून थेट उंबरापर्यंत. तिथे तिनं पहिल्यांदा आपल्या पोरीची जागा पाहिली. एवढासा मातीचा उंचवटा. त्याची माती ओली होती. नव्या पाण्यानं ओली झालेली नव्हे, ते पाणी अजून तिथवर पोचलं नव्हतं. ती रोज कुणीतरी पाणी घालून ओली ठेवलेली माती होती. तिच्यावर ओल्या हाताचे थापटल्याचे ठसे होते, निजणाऱ्या मुलाला थोपटावं तसे.

साळू मागून येऊन उभी राहिली. "तापात गेली म्हनत्यात, वहिनी," ती म्हणाली. "तहान लागत असंल म्हनून रोज वंजळभर घालते."

"तुला निरोप मिळाला न्हाई?"

"कसला निरोप, वहिनी?" साळू म्हणाली. शिदू तिथेच होता. तो पुढे आला, वहिनीच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. तेव्हा कुठे कोंडाईला रडू आलं. दोघी जावा त्या उंचवट्याच्या दोन बाजूंना बसून रडल्या. समोरासमोर, जात्याला बसायच्या तशा.

पुढे साळूला मुलगी झाली, ती कोंडाईच्या हातावर झाली. जातं मल्हारीनं स्वतः डोक्यावरून या खडकापाशी आणून ठेवलं, म्हणजे दोन्ही वाड्यांना अर्ध्या वाटेवर. त्याची खालची तळी अजून आहे, ती बघा, शेवाळलेली.

आणि कोंडाईनं त्या दिवशी एक नेम धरला. ती म्हणाली, "शब्द एका दमात पुरा केला की मधी कुनाला शिरता येत न्हाई. आजपासून मी एकच ओळ म्हनीन आन् थांबीन. दुसरी दुसऱ्यानं म्हनायची." तेव्हापासून विंचवाचा मंत्रसुद्धा तिनं दोन ओळींचा केला. पहिली जाणत्यानं म्हणायची, दुसरी ज्याला चावला त्याच्या घरच्यानं. जुळवायचं ते एवढ्यासाठी, की पहिली ओळ ऐकली की ऐकणाऱ्याला दुसरीची वाट कळावी. साध्या बोलण्यात ती वाट नसते. बोलणारा बोलून मोकळा होतो, आणि ऐकणारा नुसता उभा राहतो.

जगातल्या सगळ्या चेटकिणींनी हे इथूनच उचललं, असं मी म्हणणार नाही, बाळ. चेटकिणी एकट्या राहतात, दोन्ही ओळी आपणच म्हणून टाकतात. पण दोन ओळींच्या मधे त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. गोष्ट ऐकताना तू त्या श्वासाकडे लक्ष ठेव.

आमच्याकडे भांडणंसुद्धा अशीच होतात. परवाच खालच्या वाडीत दोन बाया वाळवणावरून जुंपल्या. एक कुंपणापाशी येऊन म्हणाली,

तुझ्या कोंबड्यानं माझे सांडगे नेले चोचीत...

आणि कमरेवर हात ठेवून थांबली. थांबावंच लागतं. दुसरीनं जरा विचार केला आणि म्हणाली,

त्याच कोंबड्याचं कालवण धाडते तुला वाटीत.

कोंबडा अजून हिंडतोय, पण भांडण तिथेच संपलं.

चला, उंबरापर्यंत उतरू. गोटे हलतात, मुलीचा हात धरा. आजही खालच्या वाडीतली बाई इथे घागर भरायला आली की पहिली ओंजळ उंबराच्या बुडाशी घालते, मग घागर बुडवते. तिथली माती कुठल्याच उन्हाळ्यात वाळलेली मी पाहिली नाही. तुझीही ओंजळ घाल, बाळ. अशी, हळू.

आणि आजही वर त्या खडकावर कुणी येतं. जिचं घरात काही बिनसलेलं असतं, जिच्या मनात काही साचलेलं असतं अशी एखादी बाई, कधी एखादा पुरुषही. एक ओळ म्हणतात आणि थांबतात. खाली जी कुणी पाण्यावर वाकलेली असेल, ओळखीची असो की परक्या गावची, ती घागर बाजूला ठेवते. तिला सुचायला कितीही वेळ लागला तरी वरचं माणूस उभं राहतं. ती दुसरी ओळ म्हणते, आणि मगच घागर उचलते.