कोंडिबाने शॉकअप आणले

एका गावात एक भोळा गडी होता, कोंडिबा नावाचा. पण त्या गावात शहाणी म्हातारी माणसं इतकी होती, की हा भोळा आहे हे बघायला कुणाला सवडच नव्हती. जो तो त्याला शिकवण्यात गुंतलेला.

कोंडिबा चुलत्याची पिकअप चालवायचा. चुलत्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांचं कोंबड्यांचं शेड होतं. सकाळी अंड्यांचे ट्रे हौद्यात रचायचे आणि तालुक्याला रशीदभाईंच्या दुकानी पोचवायचे. सगळं घर त्या अंड्यांवर जगत होतं.

आता गाडी म्हातारी आणि रस्ता तिच्याहून म्हातारा. गाडी खड्ड्यात गेली की वर यायची, खाली जायची, पुन्हा वर यायची, आणि पुढचा खड्डा येईपर्यंत डुलतच राहायची. तालुक्याला पोचेस्तोवर हौद्यातून पिवळी धार लागलेली असायची. कुत्री गाडीमागे पळत यायची.

बुधवारी रशीदभाईंनी आप्पांना फोन केला.

"आप्पा, सोमवारपर्यंत बघतो. सोमवारी गाडीत एक जरी अंडं फुटलेलं निघालं, तर तुमचा माल बंद. मग दुसऱ्याचा घेणार."

आप्पांनी यशवंत मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री गाडीखाली गेला आणि लगेच बाहेर आला.

"धक्के झेलणारे शॉकअप गेलेत चारही. कंपनीचे नकोत, आपल्या वजनाला टिकत नाहीत. बाहेरचे गॅसवाले मिळतात, ते घ्या. चिठ्ठी लिहून देतो."

"चिठ्ठी कशाला?" आप्पा म्हणाले. "मी आहे ना सांगायला."

आप्पा जन्मात कधी गाडीखाली गेले नव्हते. पण चाळीस वर्षं बाजेवर बसून त्यांनी लोकांना गाडीखाली घातलं होतं. मिस्त्रीने चिठ्ठी लिहिली ती काकूंनी उचलून डब्याखाली ठेवली. काकू चाळीस वर्षं आप्पांबरोबर राहत होत्या.

गुरुवारी आप्पांनी कोंडिबाला समोर उभं केलं.

"कोंड्या, दुकानदाराची जात लबाड. तो जे घ्या म्हणेल ते घ्यायचं नाही. जे घेऊ नका म्हणेल ते घ्यायचं. कळलं?"

"कळलं," कोंडिबा म्हणाला. आणि खरंच कळलं होतं. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची, पण मावली की हलायची नाही.

तालुक्याला पार्टच्या दुकानात शेठने चार डबे काढून ठेवले.

"पिकअपला ना? मग हे घ्या."

"नको. कोणते घेऊ नको?"

शेठने त्याच्याकडे नीट बघितलं. "ते तिकडचे घेऊ नका बाबा. ते स्कूटरचे आहेत."

"ते चार द्या."

घरी आल्यावर आप्पांनी डबा उघडला. आतला शॉकअप मुळ्याएवढा.

"हा काय गाडीच्या कानात घालू? अरे गाढवा, दुकानदार त्यातला माणूस असतो! तो जे देईल ते मुकाट घ्यायचं!"

"सकाळी तुम्हीच..."

"सकाळचं सकाळी! दुकानदार म्हणेल ते घ्यायचं. कळलं?"

"कळलं." आणि खरंच कळलं होतं.

फक्त कोणता दुकानदार, ते आप्पांनी सांगितलं नव्हतं. तालुक्यात शिरल्यावर पहिलं दुकान लागतं ते गाद्यांचं. शुक्रवारी स्कूटरचे डबे परत करायला निघालेल्या कोंडिबाने तिथे गाडी हळू केली, तर गादीवाला दारातच उभा.

"या भाऊ! काय त्रास आहे?"

"धक्के बसतात."

"कुठे, कंबरेला?"

"मागच्या बाजूला जास्त."

"मग ही घ्या. आत स्प्रिंगा आहेत. धक्का काय, भूकंप झाला तरी कळणार नाही."

दुकानदार म्हणाला, कोंडिबाने घेतलं. एक नाही, दोन. एक पुढच्या बाजूला, एक मागच्या.

आप्पा कपाळ धरून बसले. कपाळ धरून बसले ते गादीवरच. बसल्या बसल्या जरा उसळून बघितलं आणि दोन्ही गाद्या आपल्या बाजेवर टाकायला लावल्या. त्यांच्यावर लोळत मग ओरडले,

"माल असा घेतात होय? आधी तपासावा! त्यावर चढायचं, उड्या मारायच्या. दबून वर आला तर चोख. दबला आणि दबूनच राहिला, तर कंडम! मग तसं दुकानदाराच्या तोंडावर सांगायचं, भ्यायचं नाही. कळलं?"

"कळलं."

शनिवारी कोंडिबा पार्टच्या दुकानासमोर उतरला. दारात एका साहेबांची नवी पांढरी मोटार उभी होती. दुकानासमोर आहे, म्हणजे मालच असणार. कोंडिबा बॉनेटवर चढला आणि त्याने तीन उड्या मारल्या. बॉनेट दबलं. थोडा वेळ वाट बघितली. दबूनच राहिलं.

"शेठ," तो वरूनच ओरडला, "हा माल कंडम आहे!"

दुकानातून शेठ आला नाही, साहेब आले. पुढे जे झालं ते कोंडिबाच्या पाठीवर दोन दिवस दिसत होतं.

पारावरचे सगळे म्हातारे घरी गोळा झाले. एकाने सांगितलं, पोराला नजर लागलीय. दुसरा म्हणाला, आमच्या वेळी गाड्यांना शॉकअप नव्हतेच आणि अंडी पण फुटत नव्हती. त्यांच्या वेळी गाड्याही नव्हत्या, पण ते कुणी बोललं नाही.

"परक्याच्या मालावर चढतोस?" आप्पा कडाडले. "आपला माल असेल त्यावरच चढायचं! देण्याआधी, घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत! म्हणजे नंतर कुणी बोट दाखवणार नाही. कळलं?"

"कळलं. आपला माल. देण्याआधी. डोळ्यांदेखत."

"आता कुठं बोललास माणसासारखा."

रविवारी आप्पा गादीवर झोपलेले असताना काकूंनी डब्याखालची चिठ्ठी काढून कोंडिबाच्या खिशात घातली.

"ही शेठला दे. एक शब्द बोलू नको. जे देईल ते मिस्त्रीकडे ने. त्याच्याशीपण बोलू नको."

कोंडिबा बोलला नाही. दुपारपर्यंत गाडीला चार नवेकोरे गॅसचे शॉकअप लागले. आप्पा उठले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पारावर जाऊन सांगून आले, "शेवटी मीच सांगून सांगून तयार केला पोरगा."

सोमवारी शंभर ट्रे भरले. तीन हजार अंडी. आप्पा धुतलेलं धोतर नेसून पुढे बसले, कारण कौतुक होणार होतं.

गाडी निघाली. पहिला खड्डा आला. गाडी एकदा दबली, एकदा वर आली आणि डुलायची थांबली. दुसरा खड्डा, तसंच. कुत्री मागे पळाली, थोडं हुंगलं आणि उदास होऊन परत गेली.

रशीदभाईंनी एकेक ट्रे उचलून बघितला. शेवटपर्यंत बघितला. मग कानाला हात लावला.

"मान गये आप्पा! एक नाही फुटलं, एक! आजपासून माल फक्त तुमचाच. उतरवून घेऊ?"

आप्पांची छाती सदऱ्यात मावेना. कोंडिबा हौद्याशी उभा होता. त्याला काहीतरी आठवत होतं.

"आप्पा, हा माल आपलाच ना?"

"आपलाच! शंभर टक्के आपला!"

"अजून दिलेला नाही ना?"

"आता देणार."

"आणि रशीदभाई बघतायत."

"बघू दे की! सगळ्या तालुक्याला बघू दे!" आप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "मी शिकवलंय तसं कर. विचारतोस काय?"

कोंडिबाने चपला काढल्या. अन्न आहे, पाय लागू नये म्हणून नमस्कार केला. मग वर चढला आणि त्याने तीन उड्या मारल्या.

रशीदभाई खाली बसले. आप्पांना बसायला जागा सापडेना. हौद्यातून पिवळी धार लागली ती रस्त्यापर्यंत गेली.

कोंडिबा गुडघाभर बलकात उभा राहून थोडा वेळ थांबला. नीट वाट बघितली. मग वरूनच म्हणाला,

"आप्पा, शॉकअप एकदम चोख. दबले आणि लगेच वर आले. अंडी मात्र सगळीच्या सगळी कंडम निघाली. बरं झालं तपासलं, नाहीतर हा माल रशीदभाईंच्या गळ्यात मारला असता."