पेटीतला अपशकुनी भोंगा

संगणकाची पेटी अर्धं टेबल अडवून बसायची, त्या काळची ही गोष्ट. एका वाचनालयातल्या अशाच म्हाताऱ्या पेटीत एक चिमुकला भोंगा राहत असे. पेटी सुरू झाली की ‘टूं’ करायचं, एवढंच त्याचं काम.

पेटी फार रेंगाळू लागली, म्हणून ग्रंथपाल कुमुदिनीबाईंनी मेमरीची नवी पट्टी आणून बसवली. बटण दाबलं, तर पडदा काळाठिक्कर आणि भोंग्याचं एकसारखं टूं टूं टूं!

“अपशकुनी मेल्या, गप बस!” जुनी हार्ड डिस्क खेकसली. “बाई आपल्याला भंगारात घालतील.”

“मी कोरी करकरीत आहे,” नवी पट्टी फणकारली. “खोट माझ्यात नाहीच.”

भोंगा घाबरला. पण मी गप्प बसलो तर बाईंना कळणार कसं, असं वाटून तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

बाईंनी कान दिला. पेटीचा कुठला भाग अडला की भोंगा कुठल्या ठेक्यात ओरडतो, हे त्यांना ठाऊक होतं. “हा तर मेमरीच्या नावाने ओरडतोय!” म्हणत त्यांनी पट्टी काढली. खाचेत कुंकू लागलेला तांदळाचा दाणा! दसऱ्याला पेटीची पूजा करताना त्यांनीच वाहिलेल्या अक्षतांतला. झरोक्यातून आत घरंगळला होता.

“अगं बाई, माझीच भक्ती आडवी आली!” बाई हसल्या. चिमट्याने दाणा काढला, पट्टी खटकन बसवली, बटण दाबलं.

मग एकच खणखणीत ‘टूं’! पडदा लख्ख उजळला, पंखा आनंदाने गरगरला.

तेव्हापासून रोज सकाळी हार्ड डिस्कच सगळ्यांना दटावते, “गप्प बसा रे! आधी भोंग्याला बोलू द्या.”