चालता चालता उबवलेली अंडी

चर्चचं अंगण शेणानं सारवत असत, त्या काळची गोष्ट. सणाची सगळी कामं मोनिका बदकीण करायची आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसायची. पिल्लंसुद्धा तिला टाळायची.

अंड्यांवर बसलेल्या कात्रीन कोंबडीला ती म्हणाली, "नुसती बसून काय राहिलीस? ऊठ, तोरणं लाव!"

"लावते. पण तू देवाजवळ कधी बसतेस गं?"

"बसायला वेळ कुणाला आहे? चालता चालता बोलते त्याच्याशी."

कात्रीन लगेच उठली. "मग माझी अंडीही चालता चालता उबव."

"अगं, थंड पडतील ती!"

"आणि तुझं मन?"

मोनिकाच्या चोचीतलं तोरण खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी कोंबडा ओरडत आला, "सणाच्या तयारीची सभा भरलीय! मोनिका कुठंय?"

कात्रीननं त्याला दटावलं, "हळू बोल! ती देवाजवळ बसलीय. आत्ता कुठं ऊब धरतेय."