पाव मिलिमीटरची फट

“मग ह्या फटीतून दम गळतो, त्याचं काय करायचं ते सांग,” आमचे हे विचारत होते. तिसऱ्यांदा.

बाबालालभाई मिस्त्री स्टुलावर बसून चहावर फुंकर घालत होते.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझ्या हॉलमध्ये टीव्हीपुढं आठ महिने झाले एक इंजिन बसलंय. पाहुणे त्याला वळसा घालून आत येतात. माझ्या पुरणयंत्राच्या जाळीत ह्यांनी नटबोल्ट रॉकेलनं धुतले, तेव्हापासून घरात पुरण शिजलेलं नाही. सांगायचं कुणाला? सांगायला तोंड उघडलं की वाक्य पुरं व्हायच्या आत ह्यांचं उत्तर तयार.

हे म्हणजे मगदूम सर. कोल्हापुरात एकतीस वर्षं पॉलिटेक्निकच्या पोरांना इंजिन शिकवलं, तेही फळ्यावर. बाबालालभाई त्याच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. सरांनी खडूनं काढलेलं इंजिन पोरांपुढं उघडून दाखवायचं, हे त्यांचं काम. ह्यांनी स्वतः पाना कधी हातात धरला नव्हता. निवृत्त झाले आणि डोक्यात किडा शिरला, की घरीच इंजिन उघडायचं, नव्यानं बांधायचं आणि होती त्यापेक्षा दीडपट ताकद काढून दाखवायची.

आणि गाडी कुठली, तर माझ्या अण्णांची फियाट. अण्णा गेल्यावर भावांनी मळा घेतला, मी तेवढी गाडी मागून घेतली होती.

दोनदा इंजिन बांधून गाडीत चढवलं आणि दोनदा जाम झालं. दोन्ही वेळा पन्हाळ्याच्या चढावर. दोन्ही वेळा उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी आणली, अख्खी गल्ली बघायला. इंजिन जाम झालं की पिस्टन ज्या नळीत वरखाली करतो, तिची भिंत आतून खरवडते. मग ती कातून साफ करावी लागते. उद्यमनगरातल्या कातकामवाल्यानं परवा ब्लॉक, म्हणजे त्या नळ्यांचा ठोकळा, परत देताना सांगितलं, ही शेवटची कातणी. भिंत आता पत्र्याएवढी राहिलीय. पुन्हा ओरखडा आला तर माझ्याकडं आणू नका, भंगारवाल्याकडं न्या.

त्या संध्याकाळी मीच बाबालालभाईंना फोन केला, ह्यांना न विचारता.

आज भाई आले, ह्यांनी कौतुकानं पुढं केलेल्या रिंगा त्यांनी बोटानं चाचपल्या. पिस्टनला लोखंडाची रिंग असते, बांगडीसारखी, पण एका जागी कापलेली. त्या दोन टोकांत थोडी फट ठेवायची असते, एवढं आठ महिन्यांत मलाही पाठ झालंय. ह्यांनी मुद्दाम एक साइज मोठ्या रिंगा आणून, रात्रंदिवस कानस मारून, त्या अशा बसवल्या होत्या की फटीतून केससुद्धा जाऊ नये.

भाई म्हणाले, लोखंड तापलं की वाढतंय सर, टोकं एकमेकाला भिडत्यात, मग रिंग भिंतीवर फुगून बसती.

झालं, हे उसळले. लोखंड तापल्यावर वाढतं हे आता बाबालालनं मगदूम सरांना शिकवायचं! ते किती वाढतं त्याचं गणित मी वहीत मांडलंय, म्हणाले. बरोबर तेवढीच जागा सोडलीय. वही आणून दाखवली सुद्धा.

भाईंनी वही उघडली नाही.

“गणितात किती गरम धरलंसा?”

“नव्वद डिग्री. गाडीतला काटा त्याच्या पुढं जातच नाही.”

“ते रेडिएटरच्या पाण्याचं झालं, सपाटीवरचं,” भाई म्हणाले. “चढावर रिंग किती तापती, ते काट्याला कुठं दिसतंय?”

पुस्तकात पाव मिलिमीटर दिलंय, तुम्हीच फळ्यावर लिवत होता, असंही ते म्हणाले. हे म्हणाले, पुस्तकातला आकडा भित्र्यांसाठी असतो. फट म्हणजे गळती. पेट्रोल जाळून दाब तयार करायचा आणि तो फटीतून सोडून द्यायचा, ह्याला अक्कल म्हणतात का? इंजिनचा दम गळतो अशानं.

“गळू दे की.”

ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग पंधरा मिनिटं व्याख्यान झालं. भाई एकतीस वर्षांच्या सवयीनं ऐकत राहिले. व्याख्यान संपलं तसे ते माझ्याकडं वळले.

“वहिनी, चढाला आवाज कधी बदलला?”

“वाघबीळच्या वळणावर,” हे म्हणाले.

भाईंनी परत मलाच विचारलं. परत ह्यांनीच उत्तर दिलं, की तिला काय कळतंय त्यातलं, ती नुसती वास येतोय, वास येतोय करत होती, तिला तर गॅस बंद असतानाही वास येतो. आणि हसले. छत्तीस वर्षं हेच चाललंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पाहुण्यासमोर काय बोलायचं?

भाईंनी कप खाली ठेवला आणि उठले.

“सर, जरा पिस्टन धरा. दोन्ही हातांनी. हां, असा, ब्लॉकच्या वर.”

मग पिस्टनची पिन अडकवायच्या दोन बारीक तारेच्या क्लिपा त्यांनी ह्यांच्यापुढं धरल्या. ह्या ओठांत धरा म्हणाले, सगळे मिस्त्री तशाच धरतात. माझी कवळी हाय, तिथनं घसरत्यात. आणि जपून, पडली तर ब्लॉकच्या पोटात जाईल, मग उद्यापर्यंत शोधत बसाय लागंल.

हे आज्ञाधारकपणे उभे राहिले. दोन्ही हातांत पिस्टन, ओठांत दोन क्लिपा.

भाई काहीच बसवेनात. परत जाऊन स्टुलावर बसले.

“हं, वहिनी. आवाज कधी बदलला?”

ह्यांच्या नाकातून एक हुंकार आला. ओठ काही उघडले नाहीत.

मी सवयीनं थांबले... मधे कुणीच बोललं नाही.

मग मी सांगितलं. वळणाच्या कितीतरी आधी बदलला होता. आवाज जड झाला होता, वास येत होता. मी अकरा वर्षांची असल्यापासून त्या गाडीत बसतेय, मला कळणार नाही तर कुणाला? अण्णा वाघबीळला गाडी थांबवायचेच. बॉनेट उघडून ठेवायचे, आम्ही झाडाखाली बसून पेरू खायचो. मी म्हणणार होते, जरा थांबू या. ‘जरा’ म्हटलं, तर हे म्हणाले, काही होत नाही. दुसऱ्या वेळी तर मी नुसतं तोंड उघडलं होतं.

एवढं बोलून मी थांबायला हवं होतं, पण थांबवेना.

“मला तिची ताकद कधी नको होती हो,” मी ह्यांना म्हटलं. “मला नुसती ती हवी होती. अण्णांचं माझ्याकडं तेवढंच आहे. तेही तुम्ही कातून कातून पत्र्याएवढं केलंत, आणि मला एकदा विचारलं नाहीत.”

मला रडू आलं. पदरानं तोंड पुसलं, तरी आवरेना. भाई जमिनीकडं बघत बसले होते. पिस्टन ह्यांनी अजून खाली ठेवला नव्हता.

...

मग भाई उठले. आधी पिस्टन घेतला, मग ओठांतल्या क्लिपा काढून घेतल्या. ह्यांचं तोंड मोकळं झालं. मी आता उत्तराची वाट बघत होते. ‘तसं नाही’, नाहीतर ‘तुला समजत नाही’, ह्यांतलं एक येणारच.

दोन्हींतलं एकही आलं नाही. हे इंजिनाशेजारी फरशीवर बसले आणि हात पुसत राहिले.

“अण्णा किती वेळ थांबायचे?” त्यांनी विचारलं.

“पेरू संपेपर्यंत,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. भाईंनी बरोबर मापाच्या रिंगा आणल्या होत्या, त्यांतली एक ह्यांनी घेऊन ब्लॉकच्या नळीत सरळ बसवली. पाव मिलिमीटरची पातळ पट्टी तिच्या फटीत सरकवून बघितली. पट्टी अलगद आत गेली, अलगद बाहेर आली. त्यांनी ती दोनदा घालून काढली. नंतर त्या फटीकडं बघत बसले. माणूस स्वभाव कुठं टाकणार?

“पण बाबालाल,” हे हळूच म्हणाले, “एवढ्यातून थोडा तरी दम गळणारच की.”

बाबालालभाई दारात चपला घालत होते.

“मघाशी गप्प उभं राहिलासा सर, तवा तुमचा किती गळला?”